सकाळच्या शेतीवार्तेचे श्रोते कुठे गेले? एका इंटरनेट रेडिओच्या आकडेवारीचं प्रकरण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बियाण्याच्या दुकानदाराला जेवायलाही सवड नसते. तरी कृषी सेवा केंद्रवाले अण्णा त्या दिवशी अंबाजोगाईतल्या आमच्या स्टुडिओत आले, पंख्याखाली बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, मृगापासून पोळ्यापर्यंत सकाळच्या शेतीच्या कार्यक्रमाला मी जाहिरात देतो. एवढंच सांगा, रोज ऐकतात किती जण?"

या प्रश्नाचं छापील उत्तर माझ्या टेबलावरच पडलेलं होतं. ते चुकीचं होतं, आणि त्याच्या भरवशावर आम्ही दोन दिवस आधी एक निर्णयही घेऊन बसलो होतो. तो निर्णय कसा झाला आणि का मागे घ्यावा लागला, ते सविस्तर लिहिते आहे. आपल्या भागात आता बरीच मंडळी असे छोटे रेडिओ चालवतात आणि हीच चूक त्यांच्याही हातून होऊ शकते.

आमचा संसार लहान आहे. दोन खोल्या, एक मिक्सर, दोन माइक, एक संगणक. इथला आवाज ब्रॉडबँडवरून युरोपातल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर जातो. तिथे आइसकास्ट हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर बसवलेलं आहे. ऐकणाऱ्याचा फोन त्या सर्व्हरला जोडला जातो आणि आवाज तिथून त्याच्याकडे येतो. आमची स्ट्रीम ६४ केबीपीएसची, म्हणजे तासभर ऐकलं तर साधारण २९ एमबी डेटा जातो. पहाटे साडेपाचला ओव्या आणि भजनं, साडेसहा ते साडेसात शेतीवार्ता, साडेसात ते साडेआठ गाणी. शेतीवार्ता करतात ते आमचे काका, निवृत्त कृषी सहायक. हवामान, लातूर बाजार समितीतले सोयाबीन-तुरीचे आदल्या दिवसाचे भाव, आणि मग फोनवर येणारे प्रश्न.

आमच्यातला अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा फार मनापासून काम करतो. त्याने एप्रिल महिन्याचा सर्व्हरचा लॉग, म्हणजे जोडण्यांची आपोआप होणारी नोंद, घेतला, त्यातल्या ओळी कार्यक्रमांच्या वेळेप्रमाणे मोजल्या आणि रंगीत खांबांचा तक्ता काढून आणला. शेतीवार्तेचा खांब बुटका, गाण्यांचा सगळ्यांत उंच. बैठक दहा मिनिटांत आटोपली. शेतीवार्ता अर्ध्या तासाची करायची, गाणी दीड तासाची. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "आकडे सांगायलेत तर खरंच असंल." आणि गप्प झाले. ते गप्प बसणं मला घरी जाईपर्यंत डाचत राहिलं.

डाचण्याचं कारण आमचा फोन. कार्यक्रमात फोन आला की आम्ही दोनशे पानी वहीत गाव, तालुका आणि प्रश्न लिहून ठेवतो. सकाळी सातनंतर त्या फोनला उसंत नसते. केज, धारूर, रेणापूर, परळी, गंगाखेड. कोणी ऐकतच नसेल तर ही माणसं येतात कुठून? त्यामुळे अण्णांना मी म्हटलं, "दोन दिवस द्या." आणि त्या रात्री लॉग उघडून बसले.

आइसकास्टच्या लॉगमध्ये प्रत्येक जोडणीची एक ओळ असते. सुरुवातीला ऐकणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवर त्याची जोडणी ओळखणारा क्रमांक), मग तारीख आणि वेळ, मग कोणती स्ट्रीम मागितली ते, मग २०० हा 'सगळं ठीक' सांगणारा आकडा, मग किती बाइट गेले, मग कोणत्या ॲपमधून किंवा ब्राउझरमधून. आणि अगदी शेवटी एक सुटा आकडा. या शेवटच्या आकड्याकडे आमच्यापैकी कुणीच कधी लक्ष दिलं नव्हतं. ती जोडणी किती सेकंद टिकली, हे तो सांगतो.

एक ओळ घेऊन बघू. वेळ होती ०२:०४:१०. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते सकाळचे ७:३४:१०. एवढं आमच्या मुलाने बरोबर केलं होतं. म्हणून ही ओळ गेली गाण्यांच्या खात्यात. पण शेवटचा आकडा होता ३९०५. म्हणजे एक तास, पाच मिनिटं, पाच सेकंद. साडेसातला सुरू झालेल्या गाण्यांच्या कार्यक्रमात ७:३४ला आलेल्या माणसाने तासाहून जास्त ऐकलं, असा त्याचा अर्थ लावता आला असता. तसा तो आम्ही लावलाच होता.

पण आइसकास्ट ही ओळ माणूस आल्यावर लिहीत नाही. तो गेल्यावर लिहितो. जोडणी तुटते तेव्हा किती बाइट गेले, किती सेकंद झाले हे कळतं आणि तेव्हा ओळ उमटते. ओळीतली वेळ निरोपाची असते. आता ७:३४:१० मधून ते ३९०५ सेकंद वजा करा. ६:२९:०५ येतात. हा माणूस शेतीवार्ता सुरू व्हायच्या पंचावन्न सेकंद आधी आला होता, पूर्ण तास काकांना ऐकत बसला होता, गाणी लागल्यावर चार मिनिटांनी उठून गेला होता. बाइटांचा आकडाही तेच बोलत होता. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. ३९०५ सेकंदांचे होतात तीन कोटी बारा लाखांवर, आणि ओळीत तेवढेच, किंचित जास्त दिसत होते. ते किंचित जास्त का, ते पुढे सांगते.

शेतीवार्तेच्या सर्वांत इमानी श्रोत्याला आम्ही गाण्यांचा श्रोता म्हणून मोजलं होतं. पुढच्या ओळी बघत गेले तशी तीच गोष्ट. साडेसात ते सातचाळीस या दहा मिनिटांत ओळींची रीघ लागलेली, आणि बहुतेकांचे सेकंद काढले की आरंभ साडेसहाच्या आगेमागे. आम्ही ज्याला गाण्यांची गर्दी समजत होतो, ती काकांचा कार्यक्रम संपल्यावर घरी परतणाऱ्या माणसांची गर्दी होती. सभा सुटल्यावर मांडवाच्या दाराशी उभं राहून माणसं मोजावीत आणि म्हणावं की दाराबाहेरचा रस्ता किती लोकप्रिय आहे, तसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावून घेतलं. त्याचा चेहरा पडला, पण मी त्याला म्हटलं की ओळी तू अचूक मोजल्यास, अर्थ आपण सगळ्यांनी मिळून चुकवला. मग तो आणि मी खुर्च्या ओढून बसलो. प्रत्येक ओळीला आरंभ आणि शेवट दोन्ही दिले, आणि दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी प्रत्येक मिनिटाला किती जोडण्या चालू होत्या ते काढलं. हे काम दिसतं तेवढं अवघड नाही. कुणालाही साध्या तक्त्यात जमेल.

पण एवढ्यावर भागलं नाही, कारण लॉगमधली प्रत्येक ओळ म्हणजे माणूस नव्हे. सगळ्यांत मोठा श्रोता निघाला आमचा स्वतःचा बाहेरच्या खोलीतला संगणक. प्रक्षेपण नीट चाललंय का बघायला तो चोवीस तास आमचीच स्ट्रीम लावून बसलेला असतो. मोठ्या रेडिओला अशा एका श्रोत्याने फरक पडत नाही. आमच्यासारख्याला रोजचे चोवीस तास फुकटचे मिळतात. तो वगळला. स्ट्रीम चालू आहे का हे ठरावीक वेळाने तपासणारी यंत्रं असतात, रेडिओंच्या याद्या ठेवणाऱ्या सेवा येऊन डोकावून जातात. त्या पाच-दहा सेकंदांच्या ओळी. शिवाय चुकून बोट लागून लगेच बंद केलेले. एका मिनिटापेक्षा कमी टिकलेली जोडणी श्रोता म्हणून धरायची नाही, असा ऑनलाइन रेडिओच्या मोजणीत रूढ संकेत आहे. आम्ही तोच पाळला. इथेच त्या 'किंचित जास्त' बाइटांचा खुलासा. आवाज चटकन सुरू व्हावा म्हणून आइसकास्ट जोडणी होताच साधारण ६४ केबीचा घास एकदम पाठवतो. आमच्या वेगाने तो आठेक सेकंदांचा आवाज होतो. त्यामुळे क्षणभर डोकावणाऱ्याच्या नावावरही बाइट दिसतात. बाइट गेले म्हणजे कुणी ऐकलं, असं नाही.

मग तुटणाऱ्या जोडण्या. गाण्यांच्या वेळेला बरीच मुलं परळी-लातूरकडे निघालेली असतात. बालाघाटाच्या चढउतारांवर रेंज येते-जाते, जोडणी तुटते, ॲप परत जोडून घेतं. एकच मुलगा तासाभरात सहा-सात ओळी तयार करतो. घरच्या ओसरीवर फोन ठेवून शेतीवार्ता ऐकणारा एकच ओळ तयार करतो. ओळी मोजल्या की प्रवासी मोठा, ओसरीवरचा लहान. एकाच पत्त्यावरून, त्याच ॲपमधून पाच मिनिटांच्या आत परत आलेली जोडणी आम्ही एकच धरायला लागलो. हा नियम शंभर टक्के अचूक नाही, पण प्रत्येक ओळ म्हणजे नवा माणूस समजण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

आणि एके ठिकाणी सगळ्या ओळी एकाच सेकंदाला संपलेल्या. हे दिसल्यावर मी आधी घाबरले, मग उमगलं. त्या दिवशी आमच्याकडची वीज गेली होती आणि बॅटरीनेही दम सोडला होता. स्टुडिओचा आवाज सर्व्हरला मिळेनासा झाला आणि सर्व्हरने सगळ्यांना बाहेर काढलं. ऐकणारे कंटाळून गेले नव्हते, आम्हीच त्यांना घालवलं होतं. वीज जाणं आपल्याकडे नवीन नाही, म्हणून याचा उपाय प्रत्येकाने करावा. आइसकास्टमध्ये पर्यायी स्ट्रीम नेमता येते. मुख्य आवाज तुटला की श्रोते त्या पर्यायी स्ट्रीमवर जातात, तिथे आमची भजनं वाजत राहतात, आणि वीज आली की तसे सांगून ठेवल्यास ते आपोआप मूळ जागी येतात. आणखी एक, सर्व्हरच्या पानावर 'सर्वाधिक श्रोते' असा जो आकडा दिसतो, तो स्टुडिओची जोडणी नव्याने लागली की शून्यापासून मोजायला लागतो. आठवड्यात चारदा वीज गेली तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

हे सगळं काकांना समजावून सांगायचं होतं. मी एक हिशेब मांडला. समजा एका तासाच्या कार्यक्रमाला ४० जण आले आणि प्रत्येक जण ४५ मिनिटं थांबला. ऐकण्याचे तास झाले ३०. त्याला कार्यक्रमाच्या एका तासाने भागलं की कोणत्याही क्षणी सरासरी ३० जण ऐकत होते. दुसऱ्या कार्यक्रमाला ९० जोडण्या झाल्या, पण दर जोडणी १० मिनिटांची. तास झाले १५, क्षणाची सरासरी १५. ओळी मोजल्या तर दुसरा कार्यक्रम दुपटीने मोठा, ऐकण्याचे तास मोजले तर पहिला दुपटीने मोठा.

काकांना माझा हिशेब संपायच्या आतच कळलं. ते दर उन्हाळ्यात रेडिओवरून शेतकऱ्यांना घरचं सोयाबीन पेरण्याआधी उगवण तपासायला सांगतात. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मापाने पेरायचं. म्हणाले, "म्हंजी ताई, आपण पोत्यातले दाणे मोजत होतो. उगवण बघितलीच नव्हती." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

आता 'एकूण वेगळे श्रोते' या आकड्याबद्दल. जाहिरातदाराला तोच हवा असतो, कारण तो मोठा असतो. आमच्या छापील अहवालातही तोच वर ठळक होता. हा आकडा वेगवेगळे आयपी पत्ते मोजून येतो, आणि मोबाइलवर ऐकणाऱ्या प्रदेशात त्यावर विसंबणं धोक्याचं आहे. मोबाइल कंपन्या पत्ते पुरेनात म्हणून अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. तिथे दहा माणसं एक दिसतात. उलट, एकच माणूस सकाळी, दुपारी, रात्री जोडला गेला की दर वेळी त्याला नवा पत्ता मिळू शकतो. तिथे एक माणूस तीन दिसतो. चुका दोन्ही बाजूंनी होतात, आणि त्या एकमेकींना खोडतात असं समजायला काही आधार नाही.

गावांचंही तसंच. पत्त्यावरून शहर ओळखणाऱ्या सेवेने आमचे निम्म्याहून जास्त श्रोते मुंबई-पुण्यात दाखवले होते. कंपनीचं जाळं जिथून बाहेरच्या इंटरनेटला जोडलं जातं, ते शहर बऱ्याचदा नोंदवलं जातं. ऐकणारा धारूरच्या वस्तीवर असला तरी नोंद मुंबईची. अण्णांनी तो नकाशा पाहिला तेव्हा ते खरंच गोंधळले. "ताई, माझं दुकान मंडीबाजारात आहे. मुंबईवाल्याला मी बियाणं कसं विकू?" मी नकाशा बाजूला ठेवला आणि दोनशे पानी वही उघडली. त्यात गावं होती, माणसाच्या तोंडून ऐकून लिहिलेली.

त्या वहीतला एक फोन इथे सांगते, कारण कोणताही लॉग तो दाखवू शकत नाही. जानेवारीत एका बाईंचा फोन आला होता. केज तालुक्यातल्या, पण बोलत होत्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाच्या फडावरून. दिवाळीनंतर आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसं जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी विचारलं होतं, की गावाकडं राहिलेल्या सासऱ्यांनी हरभऱ्यावर घाट्या अळीला काय फवारावं. काकांनी सांगितलं. मग मी विचारलं, किती जण ऐकता? म्हणाल्या, "कोपीम्होरं मोबाइल ठिवलाय, मोठ्यानं लावून. चार कोयते आहोत, आठ माणसं. समदेच ऐकायलोत की." लॉगमध्ये ती एक ओळ आहे. एक पत्ता, एक ॲप. शहराच्या रकान्यात काय असेल ते असो.

काहींनी सुचवलं की मग दर जोडणीला तीन-चारने गुणू या. मला ते मान्य नाही. त्या फडावर आठ होते म्हणून परळीच्या बसमध्ये कानात इअरफोन घातलेला मुलगाही आठ होत नाही. लॉगचा आकडा लॉगचा म्हणून द्यावा, वहीतलं वहीतलं म्हणून. दोन्ही एकत्र कालवले की दोन्हींवरचा विश्वास जातो.

अण्णांना आम्ही शेवटी तीन गोष्टी लिहून दिल्या. शेतीवार्ता चालू असताना कोणत्याही मिनिटाला सरासरी किती जोडण्या असतात. एक श्रोता सरासरी किती मिनिटं थांबतो. आणि महिनाभरात कोणत्या तालुक्यातून कशाबद्दल फोन आले. पहिला आकडा आमच्या जुन्या ठळक आकड्यापेक्षा पुष्कळ लहान होता आणि तो देताना माझा हात अडखळला. अण्णांनी तो पाहिलाही, पण बोट ठेवलं दुसऱ्यावर. "एवढा वेळ बसतात?" मग वही चाळली. कोणतं वाण घ्यावं, बीजप्रक्रिया कशी करावी, किती पाऊस झाल्यावर पेरावं. "ही पेरणीचीच माणसं आहेत," म्हणाले, आणि पोळ्यापर्यंतची जाहिरात पक्की केली. शेतीवार्ता तासाचीच राहिली. गाणीही तासाचीच राहिली, त्यांच्यावर अन्याय करायचं काही कारण नव्हतं.

मिनिटा-मिनिटाच्या आलेखाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी काकांना मुळीच आवडली नाही. हवामान आणि भाव संपले की आम्ही एक ध्वनिमुद्रित मार्गदर्शनपर भाषण लावत असू. रोज नेमकी तिथे रेघ खाली यायची आणि फोन सुरू झाले की थबकायची. काही दिवस काकांनी वाद घातला. मग स्वतःच भाषण बंद केलं आणि त्याच विषयावरचे दोन मुद्दे प्रश्नांच्या उत्तरांत घालायला लागले. त्यानंतर तिथली उतरण बरीच सपाट झाली.

एक खबरदारी सांगायलाच हवी. आयपी पत्ता आणि ऐकण्याच्या वेळा ही माणसाची माहिती आहे. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, पण कायदा नसता तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचा हा तपशील साठवून ठेवणं मला बरं वाटलं नसतं. महिन्याचे सरासरी आकडे काढले की आम्ही मूळ लॉग पुसतो.

शेवटचा शोध आम्हाला अपेक्षितच नव्हता. जागतिक वेळेचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. त्यामुळे सर्व्हरच्या रोजच्या अहवालात मध्यरात्रीचे श्रोते आदल्या तारखेच्या शेपटीला जायचे आणि आमच्या नजरेतून सुटायचे. वेळा नीट लावल्यावर रात्री अकरा ते तीनच्या दरम्यान एक छोटासा उंचवटा दिसला. आधी वाटलं, फोन चालू ठेवून झोपलेली माणसं असतील. पण झोपलेल्याची जोडणी सकाळपर्यंत किंवा बॅटरी संपेपर्यंत चालते. या जोडण्या दीड-दोन तासांच्या होत्या, आणि आठवड्यातल्या काही रात्रीच होत्या, काही रात्री अजिबात नव्हत्या. मुलाने शेजारच्या गावातून शेतीपंपांच्या विजेचं वेळापत्रक आणलं आणि आलेखाशेजारी ठेवलं. ज्या दिवशी थ्री-फेज, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची, त्या रात्री उंचवटा. ज्या दिवसांत वीज दिवसा, तेव्हा रात्र सपाट. ही माणसं दारे धरत होती, म्हणजे पिकाला पाणी देत होती. थंडीत, अंधारात, साप-किरड्याच्या भीतीत, एका हातात फावडं आणि खिशात आमचा रेडिओ.

तोवर त्या वेळी आमच्याकडे संगणक आपोआप गाणी वाजवत असे. आता रात्रीची वीज असलेल्या दिवशी अकराला एक मुलगी थेट प्रक्षेपण करते, दोन तास. मधूनमधून ती विचारते, कुठवर आलं पाणी? आणि फोन येतात. वहीत आम्ही त्यांच्यासाठी वेगळं पान काढलं आहे. परवाची पहिली नोंद रेणापूर तालुक्यातली आहे, रात्री ११:२०ची: "तूर, दोन वाफे राहिलेत."